जावयाचं तोंड

मलावीतल्या आमच्या चेवा लोकांत लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला जातो. म्हणजे आम्ही सगळे घरजावईच. छप्पर शाकारायला, मका पेरायला जावई हवा. गावच्या बैठकीत मात्र त्यानं तोंड उघडायचं नाही. सहा वर्षं मी उघडलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता, इतका मी मूर्ख.

ऑक्टोबरात आंब्याखाली बैठक भरली. राजधानी लिलाँग्वेहून आलेल्या सरकारी बाईंनी एक पुस्तिका दाखवली. सगळ्या आफ्रिका खंडाचा पन्नास वर्षांचा आराखडा होता त्यात, कुणीही मागे राहू नये म्हणून. गावाला आधी काय हवं ते सांगा, तीनच गोष्टी, बाई म्हणाल्या. शाळेचं छप्पर, हातपंप, मक्याचं कोठार. माझ्या बायकोचे मामा कुळातले थोरले. त्या तिन्ही त्यांनीच सांगितल्या, बाईंनी लिहून घेतल्या.

तियामिकेनं, माझ्या बायकोनं, मला कोपरानं ढोसलं. तिला सहावा महिना होता. पावसाळ्यात नदी फुगली की दवाखाना पलीकडेच राहायचा. पण पोटातल्या बाळाचा विषय बाईमाणसानं चारचौघांत काढायचा नसतो.

“पुलाचं सांग की,” ती कुजबुजली.

“मी? मामा बसलेत समोर.”

“उठता बसता मामा! मग लग्नही त्यांच्याशीच करायचंस.”

मला हसू आलं. तेवढ्यात बाईंनी विचारलं, “कुणाचं काही राहिलंय का?” मामांनी सगळ्यांवर नजर फिरवली. मी मान खाली घातली.

जानेवारीत कळा सुरू झाल्या तेव्हा नदी दुथडी भरली होती. होडीवाला पाण्यात उतरेना. मी त्याचे पाय धरले, शिव्या दिल्या. काठावरच्या झोपडीत मुलगी जन्मली आणि रक्त काही थांबेना. सकाळपर्यंत तियामिके गेली. मी नुसता तिचा हात धरून बसलो होतो.

बायको गेली की जावयाचं गावातलं काम संपतं. मूल आईच्या कुळाचं, ते तिथंच राहतं. सुतक फिटल्यावर मामांनी रीतीप्रमाणे सगळ्यांना बोलावून मला मोकळं केलं.

“जावईबापू, तुम्ही भलेपणानं वागलात. कधी उलटून शब्द बोलला नाहीत. आज जाताना मनात असेल ते बोला, गाव ऐकेल.”

मुलगी सासूच्या मांडीवर झोपली होती.

“माझी मुलगी मला द्या,” मी म्हणालो.

मामांनी मुलीकडे पाहिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

“ते सोडून बोला,” ते म्हणाले.