महिलांच्या वापरात आहे

हितेंद्रने सातवा प्रश्न दोनदा वाचला आणि कागद टेबलावर आपटला.

'शनिवार बाजारातील महिला स्वच्छतागृह सध्या वापरात आहे का?'

आहे का म्हणे! जळगावच्या एका दैनिकातली मेघा नावाची ही कालची पोर, आणि लोकसहभागातल्या कामांवर नगरपरिषदेला सात-सात प्रश्न विचारते, तेही मेलवर. त्यापेक्षा गावातले वार्ताहर परवडले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी यायचे, कचोरी खायचे, 'काही विशेष?' एवढं विचारायचे. हितेंद्र टाइप केलेला कागद हातात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो स्वल्पविरामासकट छापून यायचा. मथळासुद्धा हितेंद्रच काढून द्यायचा. असल्या लोकांना पत्रकार म्हणायचं म्हणजे जिभेला त्रास.

नगरपरिषदेत जनसंपर्काचं टेबल त्याच्याकडे येऊन अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात त्याने एक गोष्ट पक्की शिकून घेतली होती. बाहेर जाणाऱ्या कागदात 'नाही' हा शब्द जात नाही. काम झालेलं नसलं तर ते प्रगतिपथावर असतं. ठेकेदार पळाला असला तर बाब विचाराधीन असते. लोक वाचतात, मान डोलवतात. डोलवणाऱ्यांची त्याला कीव यायची, आणि कीव येऊन झाली की हसू यायचं.

स्वच्छतागृहाचं मात्र वेगळं होतं. ते बांधून तयार होतं. गुलाबी रंग, फरशी, नळ, दारावर साडीतल्या बाईचं चित्र, सगळं चौदा महिन्यांपूर्वीच झालं होतं. फक्त लोकार्पण व्हायचं होतं. पक्षाच्या नेत्यांची तारीख मिळत नव्हती आणि त्यांच्या हातून फीत कापल्याशिवाय बायांना आत सोडणं म्हणजे नेत्यांचा अपमान. म्हणून किल्ली वॉर्डाचे नगरसेवक ज्ञानेश्वरभाऊ यांच्याकडे होती. भाऊंनी आत गणेश मंडळाच्या खुर्च्या रचल्या होत्या. इकडे स्वच्छतेच्या स्पर्धेत तेच स्वच्छतागृह 'वापरात' दाखवून नगरपरिषदेने प्रशस्तिपत्र मिळवलं होतं, आणि ते मुख्याधिकाऱ्यांच्या खुर्चीमागे लावलेलं होतं.

आणि बाजारातल्या बाया नाल्याकडे जात होत्या.

त्या बायांमध्ये हितेंद्रची आई होती. भिकुबाई. चार मैलांवरच्या गावाहून दर शनिवारी भरताची वांगी आणि मेथी घेऊन यायची. पोरगा ऑफिसात साहेब झाला तरी बाईने पाटी सोडली नाही. हितेंद्रने परोपरीने सांगून पाहिलं आणि शेवटी एकच अट घातली, की बाजारात मला हाक मारायची नाही. तिने निमूट मान्य केलं. ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. बाजारातल्या बायांना माहीत होतं, पण त्यांना विचारतो कोण?

गेल्या वर्षी तिला मुतखड्याने लोळवलं होतं. दिवसाला तीन लिटर पाणी प्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शनिवारी मात्र ती सकाळपासून घोटभरसुद्धा पाणी घ्यायची नाही. प्यायलं की जावं लागतं, आणि पुरुषांची वर्दळ असताना नाल्यावर जायचं कसं? हे हितेंद्रला ठाऊक होतं. खुर्च्या तेवढ्या काढा, असं भाऊंना एकदा म्हणावं असंही त्याच्या मनात आलं होतं. पण भाऊंपुढे तोंड उघडायचं म्हणजे टेबल जायची भीती.

त्याने टाइप केलं, 'सदर स्वच्छतागृहाचे काम पूर्ण झाले असून ते महिलांच्या वापरात आहे.' खाली स्वतःचं नाव आणि पदनाम घातलं. मुख्याधिकाऱ्यांनी न वाचताच सही ठोकली.

बुधवारी उत्तरं छापून आली, हितेंद्रच्या नावासकट. गुरुवारी मेघाचा फोन आला.

"शनिवारी येतेय मी. स्वच्छतागृहाचा एक फोटो हवाय. वापरात असलेला."

"या ना, स्वागत आहे," हितेंद्र म्हणाला. फोन ठेवून त्याने तिच्या नावाने बोटं मोडली आणि भाऊंकडे निरोप धाडला.

शनिवारी भल्या सकाळी भाऊंचा माणूस नवल किल्ली घेऊन आला. खुर्च्या टेम्पोत गेल्या, टँकर लागला, फिनेल ओतलं गेलं. इतकं, की शेजारच्या भजीवाल्याने गाडी दहा पावलं पुढे सरकवली. दोन तासांचं काम होतं ते. चौदा महिने अडलेलं.

मेघा अकरा वाजता आली. काटकुळी, पाठीवर बॅग, पायात धुळीने भरलेले बूट. तिने आत जाऊन नळ उघडून पाहिला, कड्या लावून पाहिल्या. बाहेर येऊन म्हणाली,

"फारच स्वच्छ आहे. कोणी वापरत नसल्यासारखं."

"आमच्या महिला शिस्तीच्या आहेत," हितेंद्र म्हणाला. हे वाक्य त्याला आयत्या वेळी सुचलं होतं आणि त्याचं त्यालाच कौतुक वाटलं.

तिने ते लिहून घेतलं नाही. ती सरळ भाजीवाल्यांच्या ओळीत शिरली. हितेंद्र मागे धावला, पण ती मिरच्या विकणाऱ्या सुनंदाबाईच्या पाटीपुढे उकिडवी बसलीसुद्धा होती. सुनंदाबाईच्या शेजारीच भिकुबाई.

"मावशी, ते समोरचं रोज उघडं असतं का हो?"

सुनंदाबाईने मिरच्यांवर पाणी शिंपडलं. हितेंद्रकडे एकदा पाहिलं.

"आज सकायले उघाडं, बाई. इतला महिना आम्ही कुलूपच देखी राहिनूत."

मेघाची वही निघाली. आजूबाजूच्या दोन-तीन बायांनी माना हलवल्या. हितेंद्रला उद्याचं पान दिसू लागलं: वर कुलपाचा मथळा, खाली त्याचं उत्तर, त्याखाली त्याचं नाव. मुख्याधिकारी सही करूनही नामानिराळे राहणार, भाऊ तर काय गावचेच नाहीत. बळी द्यायला टाइप करणारा असतोच.

"मी तं दर बाजारले जास."

वांग्यांच्या पाटीमागून आवाज आला. सगळ्या बाया तिकडे वळल्या.

"तुम्ही जाता?" मेघाने विचारलं.

"हां. उघडंच राहस. पानी बी शे. हाई सुनंदा जास नही, तिले काय माहीत?"

सुनंदाबाईने तोंड उघडलं. भिकुबाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. सुनंदाबाईने तोंड मिटलं. मघाच्या माना हलवणाऱ्या बाया आपापल्या पाट्यांकडे बघू लागल्या.

"नाव काय तुमचं, आजी?"

"भिकुबाई लिखी ले."

"आणि आडनाव?"

"पाटीवर बसनारीले आडनाव काय करनं शे, माय?"

मेघाने वर हितेंद्रकडे पाहिलं. "तुम्ही ओळखता का यांना?"

अकरा वर्षं हाताशी असलेल्या शब्दांतला एकही शब्द वेळेला धावून आला नाही.

"साहेब कोनले कोनले वळखतीन?" भिकुबाई म्हणाली. "बाजारमा शंभर बाया बसतीस."

मेघाने एकदा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने भिकुबाईचा फोटो काढला, वही मिटली आणि 'ठीक आहे' म्हणून एस.टी. स्टँडकडे निघून गेली. जिंकलो, असं हितेंद्रला क्षणभर वाटलंसुद्धा.

ती वळणावर दिसेनाशी झाल्यावर तो पाटीपुढे बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"माय, असं काबर सांगं तू?"

आपण ऑफिसची भाषा सोडली हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. भिकुबाईने एक किडकं वांगं बाजूला काढलं.

"तुनं नाव उनं ना पेपरमा. ऋतिकानी फोनवर वाची दाखाडं." ऋतिका म्हणजे त्याचीच मुलगी, सातवीतली. "ती पोर कितली खूस व्हती. मंग मी आठे तुले खोटा कशी पाडू?"

हितेंद्र चटकन उठला.

"थांब. आता उघडं आहे ते. तू जाऊन ये. मी बघतो पाटीकडे."

"पहिले उघडं शे का, ते दखी ये."

तो गर्दीतून वाट काढत गेला. दाराला कुलूप होतं. वरच्या झरोक्यातून परत रचलेल्या खुर्च्या दिसत होत्या; नवल किल्लीसकट निघून गेला होता. टेम्पोच्या चाकांचे ओले पट्टे तेवढे दारासमोर उरले होते. हितेंद्रने नवलला फोन लावला. त्याने उचलला नाही. भाऊंना लावला. भाऊ मीटिंगमध्ये होते. त्याने कुलूप हातात धरून ओढून पाहिलं आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे बघितलं.

परत आला तेव्हा पाटीमागे आई नव्हती.

"नालाकडे गयी," सुनंदाबाई त्याच्याकडे न बघता म्हणाली. "सकायपासून धरी बशेल व्हती. तुमी बठा आठे, साहेब. गिऱ्हाईक उनं तं देखा."

तो गोणपाटावर बसला. इस्त्रीच्या पँटला मेथीची माती लागली. नगरपरिषदेच्या आस्थापना विभागातला एक कारकून पिशवी घेऊन समोरून गेला, थबकला, काही न विचारता पुढे निघून गेला. सुनंदाबाई त्याच्याशी पुढे एक शब्द बोलली नाही. ओळीतली दुसरी कोणी बाईही बोलली नाही. जी तुच्छता तो आयुष्यभर लोकांना दाखवत आला होता, ती आज अख्ख्या ओळीने त्याच्या पदरात घातली, तीही आवाज न करता.

फोन वाजला. मुख्याधिकारी होते.

"काय हितेंद्र, नवल सांगत होता, एका बाईने चांगली बाजू घेतली म्हणे आपली."

"हो साहेब."

"मग त्या बाईचा लेखी जबाब घेऊन टाका. 'मी नियमित वापर करते' एवढंच. फाइलला लावू, म्हणजे हा विषय कायमचा मिटला. परत कोणी विचारणार नाही. लिहिता येतं का तिला?"

"नाही."

"अंगठा चालेल. कोण आहे ती? तयार होईल ना?"

नाल्याच्या बाजूने भिकुबाई येत होती. हळूहळू, एक हात कमरेवर दाबून, मध्येच थांबत.

"साहेब," हितेंद्र म्हणाला, "ती माझी आई आहे."

"अरे वा," मुख्याधिकारी म्हणाले. "मग तर प्रश्नच मिटला. आजच घेऊन टाका अंगठा."