वहीतलं वय

मिम्बा खरी पाच वर्षांची होती आणि मळ्याच्या वहीत सात वर्षांची. हे खोटं तिच्या आईनं, बेनेबानं, स्वतःच्या तोंडानं लिहवून घेतलं होतं.

दोन वर्षांपूर्वी जुना मालक मेला आणि त्याची गुलाम माणसं विक्रीला निघाली. या मळ्याच्या साहेबानं बेनेबाचे दंड चाचपून पाहिले आणि मिम्बाकडे बोट केलं. "ही कितीची? गवत काढायला येणार असेल तर घेतो. बसून खाणारं पोर नको."

मिम्बा तेव्हा तीनच वर्षांची, पण हाडापेरानं थोराड. "पाच सरली, मालक," बेनेबा म्हणाली. पोर जवळ राहिली. आपल्या हुशारीचं तिला तेव्हा कौतुकच वाटलं, आणि का वाटू नये?

पुढे विलायतेत गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला आणि जमैकातल्या मळेवाल्यांचं जेवण गोड लागेना. साहेबाच्या मोठ्या घरात वाढपी असलेला केटो सगळं ऐकायचा आणि रविवारी यामचे कंद खणताना नकलांसकट सांगायचा.

"एक म्हणतो, ऊस काय गव्हर्नर तोडणार? दुसरा म्हणतो, तोडेना का कुणी, आमची भरपाई आधी टाका! शेवटी ठरलं. एक ऑगस्टला सगळे मोकळे, पण आणखी सहा वर्षं मालकाकडेच शिकाऊ म्हणून राबायचं."

"शिकाऊ?" जुबाआजी खवळली. "चाळीस वर्षं ऊस तोडला मी. आता काय शिकवणार मेले, मरायला?"

"सहाच्या आतली पोरं मात्र त्याच दिवशी पूर्ण सुटणार," केटो म्हणाला. बेनेबाच्या हातातली कुदळ थांबली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबाचे पाय धरले. तो हसला. "तेव्हा खोटं बोललीस की आता बोलतेस? वहीत सात आहे." मग जुलैत विलायतेहून आलेला नवा मॅजिस्ट्रेट मळ्यावर आला, तेव्हा तिनं त्याच्यापुढे रडून सगळं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. साहेब बाजूलाच चाबूक घेऊन उभा होता.

"मी पोरीलाच विचारतो," मॅजिस्ट्रेट म्हणाला. "लहान मूल खोटं बोलत नाही."

बेनेबाला हायसं वाटलं. "पाच सांग हं," असं तिनं मिम्बाला सकाळी दहादा बजावलं होतं. पण त्याआधी दोन वर्षं तिनंच पोरीला दटावलं होतं, की खरं वय बोललीस तर तुला धरून विकतील, आई पुन्हा दिसायची नाही. दोन वर्षांच्या धाकापुढे एका सकाळच्या बजावण्याचं काय चालणार?

मिम्बानं साहेबाकडे पाहिलं, चाबकाकडे पाहिलं. मग टाचा उंचावून ठणकावून म्हणाली, "सात!"

मॅजिस्ट्रेटनं तसं लिहून घेतलं.

मिम्बा धावत येऊन आईच्या कमरेला बिलगली. "तू चुकलीस, पण मी नाही चुकले," ती कुजबुजली. "आता नाही ना विकणार मला?"

बेनेबाला स्वतःचा इतका राग आला की जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"नाही गं बाई," ती म्हणाली. "शहाणी माझी ती."