सोनेरी काठाचा मोह

मी लॅमिनेशन मशीन बोलतोय. पनवेलच्या एस.टी. स्टँडकडून बाजाराकडे वळलात की डाव्या हाताला 'सायमन झेरॉक्स अँड स्टेशनरी' लागेल. तिथे गल्ल्याला खेटून जो करडा ठोकळा बसलाय, तो मी. मला पुढेही तोंड आहे आणि मागेही. पुढून घ्यायचं, मागून द्यायचं, मध्ये काही ठेवून घ्यायचं नाही. "असा भागीदार मिळाला असता तर आज माझी तीन दुकानं असती," असं आमचे मालक सायमनकाका पेणकर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

दोन हजार दोन साली काकांनी मला मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून मांडीवर घेऊन आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून एक फोटो लॅमिनेट करून घेतला. त्यांचा धाकटा भाऊ डॅनी कायमचा इस्रायलला निघाला होता, त्याच्या निरोपाला जमलेल्या सगळ्या घराचा. तो फोटो आजही गल्ल्यावर आहे. रंग तसाच, फक्त काकांचे केस तेवढे फोटोतच राहिले.

तेव्हा गावात कॉम्प्युटर क्लासचं पीक आलं होतं. कामोठ्यात तर खाली पिठाची गिरणी, वर क्लास, अशी घरं होती. क्लास संपला की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र मिळालं की माझ्याकडे धाव. कागद माझ्यातून गरमगरम बाहेर आला की माणसं काय करतात सांगू? आधी फुंकर मारतात. मग तळहाताने पुसतात, धूळ नसली तरी. मग नाव वाचतात, जणू मी मध्येच बदलून दुसऱ्याचं केलं असेल. आया तर काठाकाठाने धरतात, तव्यावरची भाकरी धरावी तशी.

गल्ल्याशेजारी इतकी वर्षं काढली की ठोकळ्यालाही धंदा कळतो. आमच्याकडे बायोडेटा टाइप होतात, नोकरी लागल्यावर ऑफर लेटरच्या झेरॉक्सही इथेच निघतात. त्यामुळे कुठला कागद माणसाला कुठवर पोचवतो, हे आम्हाला आपोआप दिसतं. माझा अनुभव असा की प्रमाणपत्राचा सोनेरी काठ जितका रुंद, तितक्या लवकर माणूस नवा बायोडेटा टाइप करायला परत येतो.

धर्मराजचंच घ्या. कामोठ्याचा, मोठा उत्साही. वेब डिझाइन, हार्डवेअर, डेटाबेस, टॅली, सिक्युरिटी, जे मिळेल ते त्याने केलं. माझ्या प्लास्टिकच्या पाऊचचा अख्खा पुडा त्याच्यापायी संपला. मुलाखतीला फाइल घेऊन गेला. समोरच्या साहेबाने फाइल बंद केली आणि विचारलं, "यातलं कुठलंही एक निवडा, त्यावर बोलू." धर्मराजला एकही निवडता येईना.

"काका, चुकलं कुठे?" त्याने विचारलं.

"अरे, तू जनरल स्टोअर थाटलंस," काका म्हणाले, "आणि त्याला हवा होता डॉक्टर."

दुसरी आठवण कीर्तीची. ती दुबईला निघाली होती. तिने पदवीचा मूळ कागदच लॅमिनेट करून घेतला, पुढे सरकारी शिक्का मारायची वेळ आली आणि प्लास्टिकवर शिक्का बसेना. सोलायला गेली तर कागदाचा पापुद्रा निघाला. नवी प्रत येईपर्यंत तिचं जाणं लांबलं. त्या दिवसापासून काकांनी माझ्या डोक्यावर पाटी लावली: 'मूळ कागद लॅमिनेट करून मिळणार नाही. झेरॉक्स आणावी.' माझ्या डोक्यावर माझ्याच धंद्याविरुद्धची पाटी. पण चालायचंच.

आता समृद्धीची गोष्ट सांगतो, कारण माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान मला तिच्यामुळे मिळाला.

समृद्धी उरणजवळच्या करंजाची. तिची आई कृष्णाबाई पहाटे माशांची पाटी घेऊन पनवेलच्या मच्छीबाजारात येते. पोरगी बी.एस्सी. झाली ती दोन हजार नऊ साली, मंदी ऐन भरात असताना. वर्षभर बायोडेटा वाटून झाले, फोन एकही नाही. घरात ठरलं होतं की अजून एक वर्ष. तोवर नोकरी लागली तर ठीक, नाहीतर कुर्ल्याच्या स्थळाला होकार. मुलगा वाईट नव्हता, पण समृद्धीला कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात कसे, यातच जीव होता.

एके दिवशी ती एका क्लासचं चकचकीत माहितीपत्रक घेऊन आली. "काका, हे बघा ना. महाडिप्लोमा. अठरा कोर्स एकत्र, आणि सर्टिफिकेट गॅरंटीड."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "परीक्षा कोण घेणार?"

"तेच."

"पेपर कोण तपासणार?"

"तेच घेतात सगळं."

"म्हणजे मासा त्यांचा, वजनकाटाही त्यांचाच. तुझी आई अशा ठिकाणाहून घेईल का गं?"

समृद्धी हसली, पण माहितीपत्रक सोडेना. "मग दुसरं काय करू? सीसीएनए म्हणून एक आहे, नेटवर्किंगची परीक्षा. ती कठीण आहे काका. नापास झाले तर हातात काहीच नाही. हे निदान मिळेल तरी."

"मी काही शिकलेला नाही," काका म्हणाले. "पण माल कुठला ठेवायचा ते मला कळतं. गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं तो. असं कर. बुधवारच्या इंग्रजी पेपरात नोकऱ्यांच्या जाहिराती येतात. आपल्याकडे रद्दीत जुने अंक पडलेत. तुला झेपेल अशाच नोकऱ्या बघ. साहेबाच्या नकोत, सुरुवातीच्या. त्यात ते लोक कुठल्या सर्टिफिकेटचं नाव घेतात त्याला खूण कर."

ती दुपारभर रद्दीत बसली. महाडिप्लोमाचं नाव एकाही जाहिरातीत निघालं नाही. सीसीएनए मात्र पुन्हा पुन्हा येत होतं. एक भारदस्त सिक्युरिटीचं सर्टिफिकेटही बऱ्याचदा दिसलं, पण त्याच्यापुढे दर वेळी पाच वर्षांचा अनुभव मागितलेला. "हे मोठ्या मापाचे कपडे," काका म्हणाले. "अंगाने भरलीस की शिव. आणि फी भरण्याआधी ते काम रोज करणाऱ्या कोणाला तरी भेट. रोज काय करावं लागतं ते विचार. ऐकून कंटाळा आला, तर परीक्षा देऊ नकोस."

इतक्यात कृष्णाबाई पाटी रिकामी करून आल्या. काकांसाठी खवल्याचा मासा त्या नेहमी वेगळा काढून ठेवत. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "सायमनशेट, तुमी कोलंबी खाता?"

"तुम्हाला माहीत आहे. आम्हा बेने इस्रायलींत बिनखवल्याचं चालत नाही."

"नाय ना? पन बाजारात कोलंबीच पयली खपते. तुमाला काय बरा वाटतं त्याव माज्या पोरीचा नशीब नको."

"म्हणूनच तर तिला माझं मत नाही सांगितलं. बाजाराला विचारायला लावलं."

कृष्णाबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "मंग दे ती कठीन परीक्षा."

खारघरला नेटवर्कचं काम करणाऱ्या एका मुलीला समृद्धी दोनदा भेटून आली. कंटाळा आला नाही. मग अभ्यास सुरू झाला. भंगारातून आलेली दोन जुनी राउटर यंत्रं काकांनी दुकानाच्या माळ्यावर बसवून दिली. दुपारी गर्दी ओसरली की ती वर केबल जोडत बसायची. कधी कधी तिच्या प्रयोगांनी दुकानाचा फ्यूज उडायचा, मी अर्ध्या पाऊचवर गार पडायचो, आणि काका वर बघून विचारायचे, "झाले का गं ते दोघे बोलायला?"

"अजून रुसलेत काका."

परीक्षा झाली त्यानंतर दोन दिवस समृद्धी फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी कृष्णाबाई आल्या, पदराखालून एक कागद काढला आणि गल्ल्यावर ठेवला. "याला प्लास्टिक मारा."

त्या कागदावर समृद्धीचा फोटो होता, खाली इंग्रजीत मजकूर आणि मोठ्या अक्षरात 'फेल'. काकांनी वाचलं. त्यांचा हात माझ्या बटणापाशी आला आणि थांबला. मग ते चक्क माझ्या नावावर खोटं बोलले. "मशीन आज गरम होत नाही, कृष्णाबाई. बिघडलंय."

मी तर तापून बसलो होतो. लाल दिवा चांगला पेटलेला. कृष्णाबाईंनी दिव्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं.

"शेट, मला वाचता येत नाय. पन पोरगी रातभर भिंतीकरं तोंड करून निजलेली, ते वाचता येतं. नापास झाली, मला ठाव हाय."

"मग हे कशाला?"

"ती फाडीत व्हती. मी हिसकून आणला. खाली बगा, आकडे हायेत. मिथुन सांगतो की कुटल्या धड्यात किती आला ते हाय." मिथुन म्हणजे समृद्धीचा भाऊ. "पाटीतला मासा खराब निगाला तर आमी पाटी समिंदरात टाकीत नाय. बरफ कुटं कमी पडला ते बगतो. मारा प्लास्टिक. मंग बगू कशी फाडते."

काकांनी माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे काणाडोळा करून कागद पाऊचमध्ये सरळ बसवला, एक बुडबुडा राहू नये म्हणून दोनदा बोट फिरवलं आणि मला दिला. सोनेरी काठाचे शेकडो कागद मी बघितलेत. इतक्या जपून मी कुठलाच नेला नाही.

दुसऱ्या दिवशी समृद्धी तणतणत आली. "काका, तुम्हीसुद्धा? नापासाचं लॅमिनेशन कोण करतं?"

"तुझी आई. फाडून दाखव."

तिने खरंच प्रयत्न केला. माझं काम पक्कं असतं. शेवटी तिलाच हसू आलं. मग ती आकडे बघत उभी राहिली, बराच वेळ. दोन धड्यांत बर्फ कमी पडला होता. ती माळ्यावर गेली.

कुर्ल्याच्या स्थळाची मुदत संपायला महिना उरला असताना ती पुन्हा परीक्षेला बसली आणि पास झाली. नोकरीला मात्र अजून एक मुलाखत लागली. तिथे फाइल कोणी उघडलीच नाही. समोर एक बंद पडलेलं यंत्र ठेवलं आणि म्हणाले, चालू करा. माळ्यावरच्या रुसव्याफुगव्यांची सवय तिथे कामाला आली आणि नोकरी मिळाली. कुर्ल्याकडे नम्र नकार गेला.

खरं प्रमाणपत्र घरी आलं तेव्हा ती ते घेऊन थेट दुकानात आली. मी आनंदाने तापलो. पण काकांनी माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

"झेरॉक्सचं तरी करा ना काका."

"कशाला? कंपनीवाले नंबर टाकून इंटरनेटवर बघतात. आणि हे तीन वर्षांनी शिळं होणार, पुन्हा परीक्षा द्यायची. दुधाच्या पिशवीला कोणी लॅमिनेशन करतं का?"

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता दोन हजार सतरा चालू आहे. प्रमाणपत्रं मोबाइलमध्ये येतात. माझ्याकडे आता दुकानांचे दरफलक येतात, शाळेची ओळखपत्रं येतात, कधी कोणाच्या देवाचा फोटो. माझा एक रोलर कुरकुरतो. काका अजून मला विकत नाहीत, म्हणतात भागीदार आहे. समृद्धीने मधल्या काळात पुढची परीक्षा दिली. सिक्युरिटीचे ते मोठ्या मापाचे कपडे आता तिला बसतात. करंजाला गेलेले लोक येऊन सांगतात की कृष्णाबाईंच्या भिंतीवर लेकीचा एकच कागद टांगलेला आहे, तो नापासाचा, आणि पाहुण्यांना त्या तोच आधी दाखवतात.

तेव्हा बाबांनो, या खुशाल, मी आहे तोवर दिवा लागलेला असेल. फक्त सोनेरी काठावर भाळून फी भरण्याआधी आमच्या रद्दीत एक दुपार बसून जा. रद्दी फुकट बघायला मिळते, आणि काका चहा विचारतातच.