करडा पडलेला फिल्टर

कॉम्प्युटरवर फोटो साफ करायला मला हवा तोच फिल्टर यादीत करडा पडला होता. कितीही क्लिक करा, ढिम्म. काउंटरपलीकडे गिऱ्हाईक ताटकळत होतं. तासाभरात त्याच्या आईची शोकसभा, आणि फोटो अजून माझ्याकडेच.

"ताई, सुरकुत्या तेवढ्या घालवा," तो पुन्हा म्हणाला. माझं डोकं फिरलं.

"हा कॉम्प्युटर भंगारात घाल!" मी नवऱ्यावर ओरडले.

"अगं, आधी मोड बघ," तो कागद कापता कापता म्हणाला.

बघितला. सीएमवायके! फाइल उघडली रे उघडली की छपाईच्या मोडमध्ये टाकायची, ही माझीच खोड; आणि त्या मोडमध्ये हा फिल्टर चालतच नाही. दातओठ खात स्क्रीनचा मोड, आरजीबी, केला. फिल्टर जिवंत झाला. एका फटक्यात आईचा चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत.

"घ्या दादा, झालं!"

तो वाकून बघत राहिला.

"आता काय राहिलं?" मी खेकसले.

"भुवईवरचा व्रण गेला," तो म्हणाला. "लहानपणी माझ्याच बॅटनं आईला खोक पडली होती. रक्त पुसत तीच मला उगी उगी करत होती. तेवढा परत आणा."