पुतळाबाईची केस

विद्यापीठाच्या संस्थापकांनी आयुष्यभर एकच गोष्ट सांगितली: आधी माणूस वाचा, मग पुस्तक. नेरूळला विद्यापीठाचं मॅनेजमेंट कॉलेज निघालं तेव्हा हे वाक्य संगमरवरावर कोरून घेतलं, आणि डायरेक्टर धर्मराज खेडगीकरांनी त्याच्या पायावर पंचवीस वर्षांची दूरदृष्टी उभारली.

वाचायला सगळ्यांत जवळचा माणूस म्हणजे फाटकाशी सुकी मासळी विकणारी, शेजारच्या सारसोळे गावची पुतळाबाई. एकोणीसशे त्र्याऐंशीच्या पहिल्या तुकडीने टोपलीभोवती बसून तिला वाचलं. तिची केस स्टडी झाली, परीक्षेला विचारायची. शेवटचं वाक्य असं: हा धंदा अठ्ठ्याऐंशीच्या पुढे टिकणार नाही. कारणे लिहा, गुण वीस. केस पार दिल्लीपर्यंत शिकवली गेली.

अठ्ठ्याऐंशी संपत आलं तसे खेडगीकर स्वतः फाटकाशी आले.

"काय मावशी, धंदा कसा?"

"झ्याक हाय. तुमचीच पोरं नेतात, हॉस्टेलवर भाजतात."

"तब्येत?"

"दगडासारखी."

खेडगीकर चिंतेत आत गेले.

मीटिंगमध्ये कुणीतरी केस बदलावी असं सुचवलं. मग पास झालेल्या तुकड्यांचं काय, असं सरांनी शांतपणे विचारलं. दूरदृष्टी चुकत नसते, वस्तुस्थितीला कधी कधी उशीर होतो. संस्थापकांच्या वाक्यासाठी नवा चौथरा बांधायचं ठरलं. जागा फाटकाशीच, म्हणजे टोपलीची.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात गवंड्याने टोपलीभोवती फक्कीची रेघ मारली. पुतळाबाई हलली नाही. शेजारी वही घेऊन बसलेल्या सुचित्राला तिने विचारलं,

"पेपरात काय लिवनार गो, बाय?"

"तुम्ही उठाल, असं."

"कशाला उठू?"

"कारणं पाच आहेत, मावशी."

"आनि नाय उठले तर?"

सुचित्राने वहीचं पान उलटलं. "तर आम्ही सगळे नापास."

या पोरीने पुतळाबाईच्या डब्यातली भाकरी किती वेळा खाल्ली होती. गवंडी घमेलं घेऊन उभाच होता.

"शिकल्यालं फुकट नको जायाला," म्हणत तिने टोपली डोक्यावर घेतली.

निकाल शंभर टक्के लागला. चौथऱ्याच्या उद्घाटनाला पुतळाबाईला शाल-श्रीफळ दिलं, आणि खेडगीकरांनी भाषणात दूरदृष्टीचा पुढचा टप्पा जाहीर केला.

सोमवारी नवी तुकडी वह्या घेऊन सारसोळ्यात शिरली. पोरं उन्हातून आलेली, म्हणून पुतळाबाईने ओट्यावर चटई अंथरली, पाणी दिलं.

एकाने पेनाचं टोपण काढलं. "मावशी, हे घर कधी बांधलेलं?"

"सासऱ्यांनी बांधलंय. का रं?"

"काही नाही," तो म्हणाला. "वीस मार्कांचं आहे."