पस्तिसावी पट्टी

दिनांक १ मे २०२५, गुरुवार. सकाळी साडेसातलाच ऊन चटके द्यायला लागलं होतं. वारा नावालाही नव्हता. झेंडावंदन झालं तरी झेंडा काठीला चिकटूनच राहिला. मी मुख्याध्यापिकांच्या टेबलावर उताणी पडून खिडकीतून सगळं बघत होते. अंगाला चिंचेचा वास येत होता, कारण निकालाचा दिवस होता. आज मी नव्या घरी जाणार होते.

मी नववीची फिरती ढाल. फिरती म्हणजे कुणाच्याच मालकीची नाही. नववीत जो पहिला येईल त्याच्या घरी वर्षभर राहायचं आणि पुढच्या निकालाआधी घासूनपुसून शाळेत हजर व्हायचं. उंची साडेसोळा इंच, रुंदी बारा, वजन दोन किलो शंभर ग्रॅम. वजन पक्कं माहीत आहे, कारण एका घरी मला भाजीच्या तराजूत घातलं होतं. दुसऱ्या पारड्यात वांगी होती. मी जिंकले.

माझा जन्म १९८९ चा, सातपूरच्या एका छोट्या वर्कशॉपमधला. सावळीराम आहेर तिथे पत्र्याचं प्रेस मशीन चालवायचे. त्यांची थोरली मुलगी या शाळेत होती आणि शाळेला एक ढाल हवी होती. फोरमनला विचारून त्यांनी उरलेला पितळी पत्रा घेतला, जेवणाच्या सुट्टीत ठोकून ठोकून मला आकार दिला. लाकूड मिळालं ते मशीनच्या खोक्याचं. त्यामुळे माझ्या पाठीवर अजूनही एक बाण आहे आणि त्याखाली ‘ही बाजू वर’ असं छापलेलं आहे. समोरून मी मोठी मानाची दिसते. पाठीमागून मी पार्सल आहे.

त्याच पाठीवर सावळीरामांनी तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी लिहून दिलेला कागद खळीने चिकटवला. त्यावर तीन नियम. एक, वार्षिक परीक्षेत एकूण गुण सर्वांत जास्त हवेत. दोन, श्रेणीच्या प्रत्येक विषयात ‘अ’ हवा. तीन, ढाल परत करताना चिंचेने घासून द्यावी. आणि कडेने पस्तीस नावांच्या पट्ट्यांची जागा. तेव्हा पस्तीस वर्षं म्हणजे कधीच न संपणारी वाटली असणार.

छत्तीस वर्षांत मी चौतीस घरं पाहिली. हिशोब चुकलेला नाही. २०१९ साली मला साई नावाच्या मुलाने नेलं, आणि मग शाळाच बंद पडल्या. दोन वर्षं परीक्षा नाही, पहिला नंबर नाही. मी साईच्याच घरी. ऑनलाइन वर्गाला तो मोबाईल माझ्या पोटाला टेकवून ठेवायचा आणि स्वतः स्वयंपाकघरात पोहे खायला जायचा. गणिताचा आख्खा भाग दोन मी ऐकला आहे. हजेरीच्या वेळी साई तिकडून ओरडायचा, ‘येस सर’. खरी हजर मी होते.

माणसांची एक सवय मी सगळ्या घरांत पाहिली. मला लावतात बरोबर दारासमोर. पाहुणा आला की मुद्दाम दुसऱ्याच विषयावर बोलतात. आणि पाहुण्याने विचारलं की म्हणतात, ‘ती होय? असंच आपलं, मुलीची आहे.’ तेव्हा ते माझ्याकडे बघत नाहीत. पाहुण्याचं तोंड बघतात.

एवढ्या घरांत गेले, पण एका घरी कधीच गेले नाही. सावळीरामांच्या. त्यांच्या मुलीचा नंबर हुकला. धाकटा मुलगा किशोर, तोही याच शाळेत. त्याचा सात गुणांनी हुकला. पुढे किशोर वर्कशॉपमध्ये लागला आणि पट्ट्यांवर नावं कोरायचं काम त्याच्याकडे आलं. दर वर्षी सुटी पट्टी रुमालात गुंडाळून घरी न्यायची, दुसऱ्याच्या पोराचं नाव कोरायचं आणि शाळेत आणून स्क्रूने बसवायची. सावळीराम आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या घरात माझ्यासाठी एक खिळा छत्तीस वर्षांपासून ठोकलेला आहे, असं किशोर एकदा शिपायाला सांगताना मी ऐकलं. त्यावर सध्या छत्री लटकवतात.

आणि यंदा पट्टीची एकच जागा उरली होती. पस्तिसावी. या वर्षीचं घर संपलं की मी कायमची ऑफिसच्या भिंतीवर; पुढच्या वर्षापासून चषक येणार, असं ठरलं होतं.

नववीत पहिली होती तेजस्विनी विधाते, सहाशेपैकी ५६१. गंगापूर गावाकडे तिच्या घरच्यांचा फुलांचा मळा आहे. दुसरा रुद्र आहेर, ५५९. रुद्र म्हणजे किशोरचा मुलगा, सावळीरामांचा नातू. दोन गुणांनी. मी पितळेची असले तरी मला वाईट वाटलं.

पण २९ एप्रिलला श्रेणीची यादी लागली आणि सगळं उलटलं. तेजस्विनीला जलसुरक्षेत ‘ब’.

ती ऑफिसात आली. जलसुरक्षेचे दीपक सर तिथेच होते. सर फार शिस्तीचे. सरसकट सगळ्यांना ‘अ’ वाटायची जुनी पद्धत त्यांनी बंद केली होती आणि प्रकल्प तपासायला स्वतः एक तक्ता बनवला होता.

“डिसेंबर ते फेब्रुवारी, रोज पाण्याची पातळी मोजायची होती,” सर म्हणाले. “दरमहा तीस नोंदी. तुझ्या फेब्रुवारीत दोन कमी आहेत.”

“पण सर, मी रोज मोजलं.”

“मी दोनदा मोजल्यात, बाळा. वर्गातल्या बाकी एक्केचाळीस जणांच्या पूर्ण आहेत.”

ती “बरं सर” म्हणाली. जाताना तिने माझ्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. घासलेल्या पितळेवर बोटाचा ठसा लगेच उठतो.

३० तारखेला किशोर पट्टी न्यायला आला. “कोणाचं नाव, सर?” त्याने नेहमीसारखं विचारलं. सरांनी सांगितलं, रुद्र किशोर आहेर. किशोरने खिशात हात घातला. रुमाल काढला, पट्टी गुंडाळली, आणि दाराऐवजी कपाटाकडे चालत गेला. खोटं कशाला बोलू, मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. चौतीस घरांनंतर मी माहेरी निघाले होते.

तर १ मे. ऑफिसात मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम, दीपक सर, इस्त्रीचा शर्ट घातलेला किशोर, आणि रुद्र. किशोरच्या हातात कोरलेली पट्टी, चार स्क्रू आणि स्क्रू ड्रायव्हर. त्याने माझ्यावर पट्टी ठेवून बघितली. इतक्यात दारातून झेंडूचा वास आत आला. त्यामागोमाग तेजस्विनीची आजी, बायडाबाई. कमरेला फुलांची रिकामी पाटी, हातात एक वही, पाठीमागे मान खाली घालून तेजस्विनी.

“येऊ का मॅडम? भांडाया नाय आले. मला फकस्त समजून घ्यायचंय.”

“या ना आजी, बसा.”

बायडाबाई बसल्या नाहीत. वही टेबलावर ठेवली, माझ्या अगदी शेजारी. वहीला ओल्या मातीचा वास होता. “ही पोर तीन महिने रोज सकाळी विहिरीवर जाती. दोरीला गाठी मारल्यात, त्या मोजती. शेवंती तोडायची सोडून मी तिला जाऊ देते. आन सर म्हणतेत दोन दिवस दांडी मारली. कोणते दोन दिवस, तेवढं सांगा. मी बघते तिच्याकडं.”

मॅडमनी वही उघडली. मी वाकून वाचू शकत नाही, पण त्या मोठ्याने वाचत होत्या. “१२ जानेवारी, शेळीने दोरी खाल्ली, नवी दोरी. १४ जानेवारी, संक्रांत, आजीने मोजलं, आजीच्या मते भरपूर. म्हणून मी परत मोजलं.”

“भरपूरच होतं,” बायडाबाई म्हणाल्या.

“नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम,” किशोर हळूच म्हणाला. त्याचा अंगठा पट्टीवरून फिरत होता. “ ‘ब’ म्हणजे ‘ब’. तो कागद आमच्या अण्णांनी स्वतः चिकटवलाय.”

“मी तेच सांगतोय,” दीपक सरांनी तक्ता पुढे केला. “डिसेंबर तीसच्या वर, बरोबर. जानेवारी तीसच्या वर, बरोबर. फेब्रुवारी अठ्ठावीस. दोन कमी.”

“सर, तिन्ही मिळून नव्वदच होतात,” तेजस्विनी जमिनीकडे बघत म्हणाली.

“एकूण नाही बघायचं. दरमहा तीस. एकोणतीसची नोंद दाखव, तीसची दाखव, मी आत्ता ‘अ’ देतो.”

मॅडमनी मान वर केली. काहीतरी खटकलंय, पण काय ते सापडत नाही, असं त्यांचं तोंड झालं होतं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. पण ते मे महिन्याचं होतं.

तेवढ्यात रुद्रच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तो हसू दाबत होता आणि त्याच वेळी त्याचे कान लाल होत होते.

“काय रे?” किशोर म्हणाला.

“पप्पा, माझी आहे.”

“काय आहे?”

“तीस फेब्रुवारीची नोंद. सहा फूट चार इंच.”

दीपक सरांनी तक्त्याकडे पाहिलं, बोटांची पेरं मोजली, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, आणि खुर्ची कुठे आहे ते न बघता बसले. खुर्ची होती, नशीब.

“सर,” बायडाबाई फार गंभीरपणे म्हणाल्या, “फेब्रुवारीला तीस तारीख असती, तर लग्नसराईत आम्ही दोन दिवस जास्त हार नसते का इकले?”

आधी मॅडम हसल्या. मग शिपाई, जो बाहेर होता आणि ऐकत नव्हता. मग तेजस्विनी, पदर नसल्यामुळे ओढणीत तोंड घालून. टेबल हलायला लागलं आणि मी त्यावर खडखड वाजायला लागले, म्हणजे मीही हसलेच म्हणायचं. दीपक सर चष्मा पुसत होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

कपाटातल्या बाकीच्या फायली निघाल्या. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस फायलींत फेब्रुवारी तीस दिवसांचा. शाळेसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार आकडे मिळत होते. १ डिसेंबरला तेरा फूट नऊ इंच, मग रोज बरोबर एक इंच कमी. दुकानदाराने सरांचा तक्ता बघून प्रत्येक महिना तीसचा केला होता, आणि पोरांनी तो आपापल्या सुंदर अक्षरात उतरवला होता.

“आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो,” किशोर रुद्रला म्हणाला. “आपल्या घरी विहीर आहे, हे मला आज कळतंय. कुठेय? गॅलरीत?”

“चुकलं पप्पा.”

“रोज एक इंच उतरती. चांगली वळणाची विहीर आहे.” मग तोही हसला, पण मध्येच थांबला. हातातली पट्टी त्याने उलटी करून टेबलावर ठेवली. कोरी बाजू वर. “अण्णा सकाळपासून खिळ्याखाली खुर्ची टाकून बसलेत, मॅडम. छत्रीसुद्धा काढलीय.”

आता मात्र कुणी हसलं नाही.

दीपक सरांनी लाल पेन काढलं. तेजस्विनीच्या ‘ब’ वर काट मारली, ‘अ’ लिहिला, बाजूला सही केली. मग तक्त्यावर स्वतःचं नाव लिहून पुढे ‘क’ लिहिला. मॅडमनी तो खोडायला सांगितला. सरांनी खोडला नाही.

बायडाबाईंनी मला उचललं. चौतीस घरं फिरले, पण इतका खरखरीत हात कधी लागला नव्हता. त्यांनी मला पालथं केलं, बाण बघितला, कागद बघितला. “हे तुमच्या वडलांनी केलंय?”

“हो. जेवणाच्या सुट्टीत.”

“मग असं करा दादा. पट्टीवर नाव घरी नेऊनच कोरता ना? तर पट्टी एकटी कशाला नेता, ढालच घेऊन जा. तिथंच बसवा. म्हाताऱ्या माणसाला बघू द्या, कशी झालीय ती. आमी सांजच्याला येतो न्यायला. लय घाई नाय, विहीर कुठं पळून चाललीय.”

किशोरने मला छातीशी धरलं. इस्त्रीच्या शर्टावर चिंचेचा डाग पडला, तो त्याने पाहिला नाही.

यापुढे माझं फिरणं संपत आलंय. एक वर्ष मळ्यात, मग भिंत. ज्यांच्या घरी ढाल-चषक आहेत त्यांना एवढंच सांगणं, वर्षातून एकदा आम्हाला खाली काढून पालथं करून बघत जा. आमचं बरंचसं आयुष्य त्या बाजूला लिहिलेलं असतं.

बाकी नोंद अशी. १ मे २०२५, दुपारी ४ वाजून ५० मिनिटांनी मी सावळीराम आहेर यांच्या घरी खिळ्यावर लागले. ७ वाजून २० मिनिटांनी उतरले. पट्टी क्रमांक ३५, दर्शनी बाजू: तेजस्विनी भास्कर विधाते, ५६१, श्रेणी ‘अ’. मागची बाजू, जी माझ्या अंगाला लागून आहे: रुद्र किशोर आहेर. बाकी एक्केचाळीस विद्यार्थी: जलसुरक्षा ‘क’; मे महिन्यात घरच्या टाकीची पातळी रोज मोजून ३१ नोंदी सादर करणे. रात्री ८ वाजून १० मिनिटांनी ढाल गंगापूर गावी पोहोचली.