गच्चीवरचे कावळे

समोरच्या इमारतीच्या गच्चीवर त्या सकाळी पाच कावळे बसले होते. माझी नात ऋतिका म्हणाली, तीन.

"नीट मोज गो," मी म्हणाले.

"मोजले ना. तीन. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुला एकाचे दोन दिसायला लागलेत, आजी."

आम्ही दोघी हसलो. मी पंच्याहत्तरची, ती चोवीसची. चूक माझीच असणार, हे दोघीही धरून चाललो होतो. ती परत संगणकाकडे वळली. मी मात्र खिडकीशीच उभी राहून पुन्हा मोजलं. तीन पाण्याच्या टाकीवर. दोन कठड्याच्या पार डाव्या टोकाला, अगदी स्वच्छ उन्हात.

हा कावळ्यांचा खेळ मीच चालू केला होता. ऋतिका मालाडच्या एका कंपनीचं काम बोरीवलीच्या आमच्या घरातून करते. सकाळी नऊला बसते ते संध्याकाळी सहाला उठते. पडद्यावर रस्त्यांचे फोटो येतात. त्यातल्या प्रत्येक माणसाभोवती, रिक्षाभोवती, गाईभोवती चौकट काढायची. बिनड्रायव्हरच्या गाड्यांना रस्ता कसा असतो ते यातून शिकवतात म्हणे. दिवसाला शेकडो फोटो. पहिल्या सहा महिन्यांतच पोरीची मान पुढे आली, खांदे आत वळले, आणि संध्याकाळी डोळे असे लाल व्हायचे की तिची आई, श्वेता, विचारायची, "रडलीस का गं?"

मला त्या डोळ्यांकडे बघून आमच्या गिरणीची आठवण यायची. परळच्या गिरणीत संप होईपर्यंत तेरा वर्षं मी वाइंडिंग खात्यात होते. बॉबिनवरचं सूत मोठ्या शंकूवर, म्हणजे कोनावर चढायचं, तुटलं की गाठ मारायची, दिवसभर नजर दोऱ्यावर. आमच्या कामावर देखरेख करणारी नायकीण होती सुंदराबाई. उंच, काळी, सावंतवाडीकडची. तिचा आवाज यंत्रांच्या वर जायचा. थोड्या थोड्या वेळाने ती खात्याच्या मधोमध उभी राहून ओरडायची, "नजर उचला गं!" की आम्ही सगळ्या जणी मान वर करून वरच्या झरोक्यातून दिसणाऱ्या आकाशाकडे बघायचो. दहा-बारा श्वास. मग परत दोरा. कोणी वाकून उभी असली की ती पाठीत बोट खुपसायची. "म्हातारपणी कोण सरळ करणार तुला? मी?"

पुढे डॉक्टर लोक वर्तमानपत्रात तेच लिहायला लागले. दर वीस मिनिटांनी लांबच्या वस्तूकडे बघा. पापण्या मिटत राहा. पडदा डोळ्यांच्या रेषेत हवा, फार वर नको. श्वेताने ते कात्रण फ्रिजवर लावलं आणि घर कामाला लागलं. माझ्या मुलाने, हर्षदने, टेकायला पाठ असलेली खुर्ची आणली. लॅपटॉपखाली दिवाळी अंकांचे जुने गठ्ठे गेले, टायपायला वेगळा कीबोर्ड आला. पाय लोंबकळतात म्हणून मी माझ्या लग्नातला पाट तिच्या पायाखाली सरकवला. पंख्याचा वारा थेट डोळ्यांवर येत होता, म्हणून टेबल फिरवून खिडकीच्या बाजूला घेतलं. आणि दर वीस मिनिटांनी मी हाक मारायची, "नजर उचल!" मग तिने गच्चीवरचे कावळे मोजून सांगायचे.

मानेचं दुखणं महिन्याभरात निवळलं. डोळे मात्र लालच.

मी मग ती बाटली काढली.

मार्गशीर्षात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर घालायला थेंब दिले होते. महिन्याने थेंब बंद झाले तेव्हा बाटलीत निम्मं औषध शिल्लक होतं. "उरलेलं फेकून द्या," असं दवाखान्यातल्या मुलीने बजावलं होतं. पण आमच्या हाताला फेकायची सवयच नाही. गिरणीत कापसाच्या तुसाने सगळ्यांचेच डोळे चुरचुरायचे. कोणीतरी एक बाटली आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्या जणींनी ओळीने बसून त्याच बाटलीतून थेंब घालून घ्यायचे. जिच्यापुढे बाटली आली नाही ती बाई खात्यात परकी. डोळ्यांचं औषध म्हणजे डोळ्यांचं औषध. ते एकटीने वापरायची वस्तू नव्हे, अशीच आमची समजूत.

"मान मागे टाक," मी ऋतिकाला म्हणाले आणि दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे दुधासारखे पांढरे. "झकास, आजी! जादू आहे ही. कंपनीतल्या सगळ्यांना सांगते."

"सांगू नको. संपवतील."

ती बाटली संपली तेव्हा रिकामं खोकं घेऊन मी खाली नितेशच्या मेडिकलमध्ये गेले. नितेशला मी शाळेच्या दप्तरापासून ओळखते. त्याने खोकं उलटसुलट पाहिलं.

"आजी, ऑपरेशनवाले थेंब ना? तुमचेच?"

"माझेच," मी म्हणाले.

का म्हणाले? पोरीला कंपनीत रजा नाही, डॉक्टरकडे जायला वेळ नाही, उगाच चार प्रश्न कशाला. एवढाच विचार होता. नितेशने बाटली दिली. त्यानंतर तोही विचारायचा थांबला. मी काउंटरशी दिसले की हात आपोआप त्या खणाकडे जायचा. मी दर पंधरा-वीस दिवसांनी जायचे. होळी झाली, गणपती झाले, दिवाळी झाली. थेंब बंद केले की चार दिवसांत डोळे पहिल्यापेक्षा लाल व्हायचे. म्हणून आम्ही ते बंद केलेच नाहीत.

आता मागे वळून बघते तेव्हा सगळं ओळीने दिसतं. तेव्हा एकेक गोष्ट सुटी सुटी आली, आणि प्रत्येकीला घरात काहीतरी कारण सापडलं. भुवईच्या वर डोकं दुखतंय? मान अवघडली असेल, बाम लाव. डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा तांब्या तिसऱ्यांदा लवंडला? वेंधळी झालीयेस. एका संध्याकाळी मी देवापुढे समई लावली तेव्हा ती दारात थबकली.

"आजी, समईभोवती कडं दिसतंय. रंगीत. चंद्राला खळं पडतं ना, तसं."

मला वाटलं, पोरीला देवाचं काही दिसलं. मी हात जोडले. हे लिहितानाही माझा हात थांबतो.

मग कंपनीचं पत्र आलं. ऋतिकाच्या फोटोंमध्ये कडेची माणसं सुटत होती. मधली सगळी बरोबर. पण डाव्या काठाने रस्ता ओलांडणारी बाई, उजव्या कोपऱ्यात सायकल धरून उभा असलेला म्हातारा, यांच्याभोवती चौकटच नाही. महिनाभर तपासणीवर ठेवतो, पुन्हा असं झालं तर काम बंद, असं लिहिलं होतं.

"मी मुद्दाम सोडते का यार?" ती कुरकुरली. "दाखवल्यावर दिसतात. आधी नसतातच तिथे."

आधी नसतातच तिथे. ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. त्यानंतर आठवडाभराने कावळे पाचाचे तीन झाले.

त्या सकाळी मी खिडकीशी उभी होते आणि मला सुंदराबाई आठवली. नवी मुलगी खात्यात आली की ती तिला आधी यंत्राजवळ जाऊच द्यायची नाही. समोर उभी करायची. "माझ्या नाकाकडे बघ. नजर हलवलीस तर घरी पाठवीन." मग दोन्ही हात लांब पसरून एका हातात बॉबिन धरायची आणि हळूहळू पुढे आणायची. बॉबिन दिसली की मुलीने सांगायचं. एका कोनावर गाठ मारताना शेजारच्या कोनाचं सूत तुटलेलं डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायला हवं, नाहीतर बाईचा पदर कधी यंत्रात जाईल सांगता येत नाही. तिचा शब्द होता, 'बाजूची नजर'. जिला ती नाही तिला सुंदराबाई कापडाच्या घड्या घालायला घडी खात्यात पाठवायची.

मी स्वयंपाकघरातून लाटणं आणलं.

"हे काय? मारणार?" ऋतिका म्हणाली.

"उठ. इथे उभी राहा. माझ्या नाकाकडे बघ."

"आजी, मीटिंग आहे दहा मिनिटांत."

"माझ्या नाकाकडे बघ म्हटलं ना."

ती हसत उभी राहिली. मी दोन्ही हात पसरले. लाटणं तिच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या रेषेत धरलं. हळूहळू पुढे आणायला लागले. सुंदराबाईसमोर मी पहिल्या वितीतच 'दिसली' म्हणाले होते. ऋतिका काही बोलेना.

"दिसलं की सांग."

"तू हलव तरी."

मी हलवतच होते. लाटणं खांदा सोडून पुढे आलं, गालाच्या रेषेत आलं, तरी ती माझ्या नाकाकडे बघून हसत होती. ते जवळजवळ माझ्या कानाशी आलं तेव्हा ती दचकली. "अरे! आलं कुठून?"

उजव्या बाजूला तेच.

मी लाटणं खाली ठेवलं. "श्वेता," मी हाक मारली, "कामावर जाऊ नको आज. हिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायची आहे."

डॉक्टर बाई तरुण होत्या, संघमित्रा नावाच्या. आवाज शांत. त्यांनी ऋतिकाच्या डोळ्यातला दाब मोजला. मग पुन्हा मोजला. मग एका यंत्राच्या वाडग्यात डोकं घालायला लावून ठिपके दिसले की बटण दाबायला सांगितलं. बराच वेळ बटण दाबल्याचा आवाजच येत नव्हता. मी उघड्या दाराबाहेरच्या बाकावर बसून त्या आवाजाची वाट बघत होते.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टर बाईंनी विचारलं, "डोळ्यांत काही औषध घालतेस?"

"हो ना, हे." ऋतिकाने पर्समधून बाटली काढली, आणि अगदी अभिमानाने म्हणाली, "आजीचे थेंब. याच्यामुळेच तर टिकलेत माझे डोळे."

डॉक्टर बाईंनी बाटली उजेडात धरून वाचली. "किती दिवस?"

"वर्ष होत आलं."

मग त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. ऑपरेशननंतर सूज उतरावी म्हणून या थेंबांत स्टेरॉइड असतं. लाली लगेच जाते. पण काही जणांच्या डोळ्यात त्याने आतला दाब वाढत जातो. तो दाब मागच्या शिरेला सुकवत नेतो, काठापासून आत. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. ऋतिकाचे डोळे लाल व्हायचे ते कोरडे पडल्यामुळे. पापण्या मिटणं, नजर लांब टाकणं आणि साधे ओलाव्याचे थेंब, एवढंच त्याला पुरलं असतं.

"गेलेलं परत येईल ना?" श्वेताने विचारलं.

"गेलेलं नाही येत," डॉक्टर बाई म्हणाल्या. "हे थेंब आजपासून बंद. दाब उतरवायचं औषध चालू करू, लागलं तर ऑपरेशन. उरलंय ते राखायचं." मग त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "हे कोणी दिलं?"

ऋतिका माझ्याकडे वळली. नुसते डोळे नाहीत, पूर्ण मान वळवून. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कित्येक दिवस अशीच वळते आहे, आणि मी मनातल्या मनात म्हणत होते, पोरीची मान किती सुटी झाली.

"मी," मी म्हणाले. "दर वेळी मीच आणलं."

रिक्षात श्वेता एकदाही माझ्याशी बोलली नाही. ऋतिका दोघींच्या मध्ये बसली होती. कांदिवलीच्या सिग्नलला ती म्हणाली, "आई, असं तोंड नको करू ना. तिला काय माहीत होतं?" त्याने मला बरं वाटायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नितेशकडे गेले. त्याचा हात खणाकडे गेला. "नको," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"आजी, तुम्हीच बोललात ना, माझेच म्हणून."

"हो रे. मीच बोलले."

कंपनीने तिला काढलं नाही. आता तिला फक्त लिहिलेला मजकूर तपासायला देतात, ओळ मधोमध ठेवून. खुर्ची तीच, पाट तोच. पाठ इतकी सरळ की सुंदराबाईने बोट खुपसलं नसतं. सकाळ-संध्याकाळ नवे थेंब श्वेता घालते. ती बाटली कुठल्या कपाटात असते, मला ठाऊक नाही. विचारायची माझी छाती होत नाही. डॉक्टर बाईंनी तीन महिन्यांनी पुन्हा त्या वाडग्यात डोकं घालायला बोलावलंय. दाब अजून हवा तितका उतरलेला नाही.

हाक मात्र अजून मीच मारते. ऋतिका म्हणते, "तू थांबलीस तर मला करमणार नाही."

आज सकाळी मी म्हणाले, "नजर उचल." ती खिडकीकडे वळली. मान या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत तिने समोरची सगळी गच्ची पालथी घातली.

"पाच," ती म्हणाली. "बरोबर ना, आजी? पाच?"

गच्चीवर पाचच होते. सहावा आमच्याच खिडकीच्या गजावर, तिच्या डाव्या खांद्यापासून हातभर अंतरावर बसून मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. ती माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"बरोबर," मी म्हणाले.